भाषण उरले, ठराव गळाले: नागपूरच्या कष्टकरी स्त्रियांचा १९४२चा अभ्यासक्रम

१/
नागपूरच्या एखाद्या वस्तीत ‘महिलांसाठी जीवनकौशल्य प्रशिक्षण’ असा फलक दिसला, तर आत काय शिकवले जात असेल याचा अंदाज बहुधा रस्त्यावरूनच करता येतो. शिवण, मेंदी, ब्युटी पार्लरचा कोर्स, स्वच्छता व पोषण यांवर एखादे व्याख्यान, आत्मविश्वासावर एक सत्र आणि शेवटी प्रमाणपत्र. यातले काहीही निरुपयोगी नाही. मात्र याच शहरात ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी गिरणीत राबणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी याहून कितीतरी मोठा अभ्यासक्रम मांडला होता. पुढच्या काळात त्यातला अर्धाच भाग शिल्लक राहिला. गळालेला अर्धा भाग कोणता होता आणि तो परत आणणे का निकडीचे आहे, याविषयी हा धागा.

२/
पार्श्वभूमी आधी. जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या कंपनीची कापड गिरणी नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस मिल’. रेल्वे त्याआधीच आली होती. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, कामठीची छावणी आणि विड्यांचा धंदा यांनी मजुरीची नवी ठिकाणे निर्माण केली. दुष्काळाने आणि जातीच्या जाचाने गाव सोडलेली कुटुंबे शहरात आली आणि त्यांच्याबरोबर स्त्रियाही कामाला लागल्या. तेव्हा या स्त्रियांना ‘कमावते करणे’ हा प्रश्नच नव्हता. त्या आधीच कमावत होत्या. कमाई असूनही घरात, कारखान्यात आणि समाजात त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, हा खरा प्रश्न होता.

३/
जाईबाई चौधरी यांचे चरित्र या दृष्टीने वाचावे. जन्म १८९२, उमरेड. १८९६च्या दुष्काळात कुटुंब नागपुरास आले. १९०१ साली, म्हणजे नवव्या वर्षाच्या आसपास, त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांनी डोक्यावर ओझी वाहण्याची हमाली केली. मिशनमधील ग्रेगरी नावाच्या एका जोगिणीच्या नजरेस त्या पडल्या आणि तिच्या साहाय्याने मिशनच्या शाळेत त्यांना शिक्षिकेचे काम मिळाले. पगार महिना चार रुपये. पण शिकवणारी बाई महार आहे हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली.

४/
या घटनेत एक गोष्ट स्पष्ट दिसते. जाईबाईंकडे कौशल्य होते. त्या शिकवू शकत होत्या. तरीही कौशल्याने त्यांची नोकरी वाचवली नाही, कारण अडचण त्यांच्या अंगी असलेल्या कोणत्याही उणिवेची नव्हती. आजचे प्रशिक्षण बहुधा असे गृहीत धरते की गरीब स्त्रीकडे काहीतरी कमी आहे आणि ते भरून काढले की तिचे जीवन सुधारेल. जाईबाईंचा अनुभव या गृहीतकाच्या अगदी उलट साक्ष देतो. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. दुसऱ्याच्या शाळेतली जागा नाकारली गेली, तेव्हा त्यांनी स्वतःची संस्था उभारली.

५/
ही शाळा एकाकी नव्हती. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ सालीच पाचपावलीत मुलींची शाळा सुरू केली होती. पुढे छापखाना काढला, वृत्तपत्रे चालवली. त्यांच्या पत्नी तुळसाबाई यांचाही या कामात हात होता. अर्थात नागपूरच्या अस्पृश्य वस्त्यांत मुलींचे अक्षरज्ञान, छापील शब्द आणि जाहीर सभा या तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी, एकाच माणसांच्या हातून आल्या. वाचता येणे म्हणजे वर्तमानपत्र वाचता येणे, आणि वर्तमानपत्र वाचता येणे म्हणजे सभेत काय चालले आहे ते कळणे, असा हा सलग प्रवास होता. साक्षरता वेगळी, संघटन वेगळे, अशी आजची विभागणी त्या पिढीला कदाचित समजलीच नसती.

६/
त्याच काळात गिरणीमालकही कामगारांच्या भल्यासाठी काही करत होते, हे नमूद करणे न्यायाचे होईल. एम्प्रेस मिलने एकोणिसाव्या शतकातच पेन्शन निधी आणि अपघात-भरपाई अशा योजना आणल्या होत्या. हिंदुस्थानातील त्या काळच्या गिरण्यांत ही गोष्ट दुर्मिळ होती. पण कल्याणाच्या या परंपरेत काय द्यायचे, किती द्यायचे, कुणाला द्यायचे हे देणारा ठरवी. घेणाऱ्याने कृतज्ञ असावे एवढीच अपेक्षा असे. कष्टकरी स्त्रियांच्या प्रशिक्षणाच्या इतिहासात म्हणून दोन प्रवाह दिसतात: एक वरून आलेला, कल्याणाचा, दुसरा वस्तीतून निघालेला, मागणीचा. पहिल्या प्रवाहाची दप्तरे नीट जपली गेली. दुसरा बराचसा लोकांच्या आठवणींतच राहिला.

७/
दुसऱ्या प्रवाहातील एक ठळक नाव राधाबाई कांबळे. गिरणीत काम करणाऱ्या या बाईंनी कामगार चळवळीत नेतृत्व केले आणि १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबर, म्हणजे व्हिटली आयोगापुढे साक्ष दिली. साहेब अध्यक्ष, समोर लेखनिक, प्रश्नांची भाषा परकी. अशा ठिकाणी बसून आपल्या कामाची स्थिती सांगणे हे केवढे कौशल्य आहे, याचा विचार करावा. त्याच सुमारास, १९३० साली, मध्य प्रांतात प्रसूतीलाभाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात तो १९२९ साली झाला होता. कायदे आपोआप होत नाहीत. कामाच्या जागी काय घडते ते कुणीतरी बाहेर येऊन सांगावे लागते, आणि ते सांगता येणे ही शिकण्याची गोष्ट आहे.

८/
शिक्षित मध्यमवर्गीय स्त्रियांची चळवळ याच काळात भरात होती. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सेवासदन उभे राहिले. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ साली पुण्यातच सुरू झाली. या परिषदेचे अधिवेशन डिसेंबर १९३७मध्ये नागपुरात भरले. तेथे भोजनाच्या वेळी जाईबाई चौधरींना वेगळे बसवण्यात आले. स्त्रियांच्या उन्नतीचे ठराव करणाऱ्या मंडपात पंगत मात्र जातीची राहिली. १ जानेवारी १९३८ रोजी नागपूरच्या दलित स्त्रियांनी सभा घेऊन या अपमानाचा जाहीर निषेध केला. आपल्यासाठी बोलणाऱ्यांवर अवलंबून राहता येणार नाही, हा त्या प्रसंगाचा धडा होता.

९/
साडेचार वर्षांनी, जुलै १९४२मध्ये, त्या धड्याचे मोठे फळ दिसले. नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, रावबहादूर एन. शिवराज अध्यक्ष होते आणि याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. तिला जोडूनच २० जुलै रोजी दलित वर्ग महिला परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, कीर्तिबाई पाटील स्वागताध्यक्ष, इंदिराबाई पाटील सचिव. उपस्थित स्त्रियांची संख्या वीस ते पंचवीस हजार असल्याचे सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या परिषदेत बोलले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांची नेमणूक त्याच महिन्यात जाहीर झाली होती.

१०/
बाबासाहेबांचे ते भाषण पुष्कळांना ठाऊक आहे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे त्यातले सूत्र भित्तिपत्रकांवर, दिनदर्शिकांवर आणि भाषणांच्या आरंभी सर्वत्र आढळते. त्यापुढचा भाग मात्र क्वचितच वाचला जातो. स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिकवा आणि त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याची दासी न होता त्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभ्या राहा, असा त्याचा आशय आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर आरोग्य, पालकत्व, कुटुंबनियोजन आणि नातेसंबंध असा हा जीवनकौशल्यांचा आराखडाच होय.

११/
परंतु त्या मंडपातून दुसराही एक दस्तऐवज बाहेर पडला: परिषदेचे ठराव. घटस्फोटाचा हक्क कायद्याने मान्य करावा. बहुपत्नीत्वाला कायद्याने आळा घालावा. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती सुधारावी. त्यांना हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि दीर्घ सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळावे. गिरण्यांत स्त्री कामगारांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत. विधिमंडळात आणि स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांना प्रतिनिधित्व असावे. दलित स्त्रियांचा अखिल भारतीय संघ स्थापन करावा.

१२/
या मागण्यांचा काळ पाहण्यासारखा आहे. हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व आणि घटस्फोट देशभर लागू झाले ते १९५५ साली; नागपूरच्या ठरावानंतर तेरा वर्षांनी. विडी कामगारांना कायद्याने वार्षिक रजा मिळाली १९६६च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने; चोवीस वर्षांनी. घटस्फोटाच्या मागणीला आणखी एक पदर होता. अनेक कष्टकरी जातींत काडीमोडीची रूढी होतीच, पण तिचा निवाडा जातीच्या पंचांच्या हाती असे आणि पंच पुरुष असत. ‘कायद्याने’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. सुटकेची वाट पंचांच्या मर्जीतून काढून न्यायालयाच्या कक्षेत आणावी, असा त्या ठरावाचा अर्थ लावता येतो.

१३/
भाषण आणि ठराव एकत्र वाचले की त्या परिषदेचा खरा आवाका कळतो. भाषणाने सांगितले: स्वतःत बदल करा. ठरावांनी सांगितले: आमच्याभोवतीची व्यवस्था बदला. पहिल्याचा श्रोता ती स्त्री होती. दुसऱ्याचे श्रोते सरकार, गिरणीमालक आणि नगरपालिका. स्वच्छतेचा आग्रह धरणाऱ्या त्याच मंडपात झाडूकामाच्या स्त्रियांच्या रजेची मागणी झाली. मुले कमी असावीत असे सांगणाऱ्या त्याच मंडपात नवऱ्यापासून कायदेशीर सुटकेचा हक्क मागितला गेला. यातला एक दस्तऐवज वगळून दुसरा वाचणे म्हणजे अर्धे पान फाडून धडा शिकवणे.

१४/
येथे एक आक्षेप उभा राहतो. कष्टकरी स्त्रीला राहणीमानाचे धडे देणे हे चळवळीनेही केलेच ना? होय, केले. महाड सत्याग्रह परिषदेत २७ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी, जातीची खूण ठरणाऱ्या दागिन्यांविषयी आणि स्वच्छतेविषयी सांगितले होते. पण त्या सल्ल्यामागचा हेतू पाहावा. गुडघ्याच्या वर लुगडे आणि ठरावीक धातूंचे जड दागिने या खुणांवरून स्त्रीची जात दुरूनच ओळखली जाई. ती खूण पुसणे हे सत्तेला दिलेले आव्हान होते. ‘नीटनेटके राहा म्हणजे लोक काम देतील’ आणि ‘नीटनेटके राहा म्हणजे तुम्हांला हिणवण्याची सोय कुणाला उरणार नाही’ ही दोन वाक्ये दिसायला सारखी असली, तरी त्यांची दिशा भिन्न आहे.

१५/
आणखी एका कौशल्याकडे इतिहासकारांचेही लक्ष कमी जाते: सभा चालवणे. वीस हजारांहून अधिक स्त्रियांची परिषद भरवायची तर स्वागत समिती लागते, वर्गणी लागते, हिशेब लागतो. ठराव लिहावा लागतो, तो मांडायला एक आणि अनुमोदन द्यायला दुसरी लागते. अध्यक्षीय भाषण तयार करावे लागते. इतिवृत्त ठेवावे लागते. १९४२ साली या जागांवर स्त्रिया होत्या आणि त्या एका दिवसात घडल्या नव्हत्या. जाईबाईंची शाळा, राधाबाईंचे कामगार संघटन, १९३८चा निषेध, मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या लहान सभा; या सर्वांत त्यांचे प्रशिक्षण झाले होते. त्यासाठी कुणी प्रमाणपत्र दिले नाही.

१६/
हा इतिहास आज सांगता येतो तो मुख्यतः ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. चळवळीतल्या वयोवृद्ध स्त्रियांना घरोघरी भेटून, जुनी वृत्तपत्रे धुंडाळून त्यांनी सिद्ध केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. तोवर यांतल्या बहुतेक नावांना छापील इतिहासात जागा नव्हती. जी नावेच ठाऊक नाहीत, त्यांनी आखलेला अभ्यासक्रम कसा ठाऊक असणार? प्रशिक्षणाचे आराखडे बनवणाऱ्यांनी नागपूरचा हा वारसा जाणूनबुजून टाकला असे म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल. पण तो त्यांच्या टेबलावर कधी पोचलाच नाही, हे खरे.

१७/
स्वातंत्र्यानंतर शासनाने कष्टकरी स्त्रियांसाठी योजना आणल्या नाहीत असे नाही. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने मुंबई राज्यात कामगार कल्याण केंद्रांची पायाभरणी झाली. त्या केंद्रांचे शिवणवर्ग आणि शिशुमंदिरे गिरणगावांच्या परिचयाची आहेत. १९६७ साली मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. कामगाराला हुन्नराबरोबरच नागरिक म्हणून लागणारे ज्ञानही द्यावे, ही त्यामागची कल्पना उदात्त होती. पुढे त्याचेच ‘जन शिक्षण संस्थान’ झाले, आणि २०१८ साली हा विभाग शिक्षण खात्याकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेला. खाते बदलले की भाषाही बदलते. शिक्षणाचा विद्यार्थी कौशल्याचा लाभार्थी होतो.

१८/
‘जीवनकौशल्य’ हा शब्द आज ज्या अर्थाने रूढ आहे, त्याचे मूळही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली दहा मूलभूत जीवनकौशल्यांची यादी मांडली: निर्णय घेणे, समस्या सोडवणे, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, भावनांचे व ताणाचे नियमन वगैरे. ती यादी शाळेतल्या मुलांसाठी होती. किशोरवयात उपयोगी पडणारी ही चौकट जशीच्या तशी प्रौढ स्त्रियांच्या वर्गात आली. परिणामी, अनिश्चित मजुरीत वीस वर्षे घर चालवलेल्या, भाडे, शाळेची फी, औषध आणि उधारी यांचा मेळ रोज घालणाऱ्या बाईला ‘निर्णयक्षमता’ शिकवण्याचा प्रकार घडतो. तिला निर्णय घेता येतात. ते अमलात आणण्याइतकी सत्ता तिच्याकडे नसते.

१९/
दरम्यान शहरही बदलले. एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. ज्या घरांतले पगार बुडाले, त्या घरांतल्या अनेक स्त्रियांना धुणीभांडी, स्वयंपाक, बांधकामावरची मजुरी यांचा आधार घ्यावा लागला. तिथे हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, रजा मालकिणीच्या मर्जीवर. १९४२चे ठराव ज्या कामगार स्त्रीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले, तिच्या नातीच्या हाती त्याहून कमी संरक्षण आले. अशा वेळी तिला ‘सकारात्मक विचार’ शिकवणे आणि पगाराचा हिशेब लेखी कसा ठेवावा हे न शिकवणे, ही निवड तटस्थ म्हणता येणार नाही.

२०/
पण नागपुरात दुसरा प्रवाह पुरता आटलेला नाही. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीवस्तीत उभी राहिलेली बुद्धविहारे आणि त्यांना जोडलेली महिला मंडळे ही या शहरातली जुनी, विनाअनुदान चाललेली प्रशिक्षण केंद्रे आहेत; वाचन, भाषण, वर्गणीचा हिशेब आणि जयंतीचे नियोजन तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकले गेले. संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुळकर्णी यांच्या नेतृत्वाखाली विदर्भातल्या मोलकरणी संघटित झाल्या. राज्यभरातल्या अशा संघटनांच्या दीर्घ रेट्यानंतर ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८’ हा कायदा आला. त्या मोर्चांत चाललेल्या स्त्रियांनी जे शिकले, ते संवादकौशल्याच्या कोणत्याही सत्रात बसणारे नाही.

२१/
कायदा मात्र नोंदणीशिवाय कागदावरच राहतो, आणि नोंदणी म्हणजे अर्ज, पुरावा, ओळखपत्र, नूतनीकरण. झोपडपट्टीतल्या राहत्या जागेच्या पट्ट्याचेही तसेच. चारशेहून अधिक झोपडपट्ट्यांच्या या शहरात पट्टेवाटपाची मोहीम गेल्या दशकात पुढे सरकली. त्या कागदावर नाव कुणाचे, क्षेत्र किती, अटी कोणत्या हे वाचता येणे ही घर टिकवण्याची कला आहे. महानगरपालिकेत निम्म्या जागा २०११पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. प्रतिनिधित्वाची १९४२ची मागणी अशी बऱ्याच अंशी कायद्यात उतरली. तरी वस्तीतली बाई निवडून आल्यावर कागद नवरा वाचणार असेल आणि सभेत दीर बोलणार असेल, तर आरक्षण तिच्यापर्यंत पोचलेच नाही.

२२/
प्रशिक्षण चालवणाऱ्या संस्थांचे उत्तर ठरलेले असते, आणि ते पोकळ नाही: बायका स्वतःच शिवणवर्ग मागतात, पोट आधी, ठराव नंतर. घरबसल्या चार पैसे मिळवून देणारे काम मागण्यात गैर काहीच नाही. पण शिवणकाम शिकलेल्या बाईला कपड्यामागे किती मजुरी घ्यावी, ठेकेदाराने पैसे अडवले तर काय करावे, दहाजणींनी मिळून दर कसा ठरवावा, हेही लगोलग शिकावे लागते. ते न शिकवता दिलेले कौशल्य तिला स्वस्त मजूर बनवते. पोट आणि ठराव यांत क्रम लावणाऱ्यांनी १९४२चे ठराव पुन्हा पाहावेत. रजा, भरपाई, निवृत्तिवेतन. हे सर्व पोटाचेच प्रश्न होते.

२३/
मग काय करावे? चार गोष्टी, आणि एकीलाही मोठा खर्च नाही. पहिली: प्रशिक्षणाचे निम्मे तास कागदांना द्यावेत, शिधापत्रिका, पट्टा, घरेलू कामगार नोंदणी, बँकेचे पासबुक, पोलिसांत दिलेली तक्रार यांचे प्रत्यक्ष वाचन आणि लेखन. दुसरी: प्रत्येक वर्गाने दरमहा एक रीतसर सभा घ्यावी, अध्यक्ष आळीपाळीने, ठराव लेखी, इतिवृत्त वहीत. तिसरी: विषयांची यादी वर्ग भरण्याआधी वस्तीतल्या स्त्रियांनी सभेत ठरवावी आणि वेळ त्यांच्या कामाच्या तासांनुसार असावी. चौथी: वर्गाचे यश किती प्रमाणपत्रे वाटली यावर मोजू नये, किती अर्ज दाखल झाले, किती ठराव संबंधित कार्यालयात पोचले आणि किती मागण्यांना उत्तर मिळाले यावर मोजावे.

२४/
या सूचनांत नवे काहीच नाही. नागपूरच्या स्त्रियांनी हे सारे एकदा करून दाखवलेले आहे. दरवर्षी २० जुलै येतो आणि त्या दिवशी बाबासाहेबांच्या भाषणातले एक वाक्य समाजमाध्यमांवर फिरते. त्यासोबत त्या परिषदेचे ठरावही फिरावेत, प्रत्येक ठरावापुढे ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’ असा शेरा असावा, आणि तो शेरा वस्तीतल्या महिला मंडळाने स्वतः सभा घेऊन लिहावा. जीवनकौशल्याचा याहून चांगला पहिला धडा शोधूनही सापडणार नाही. (समाप्त)